नीराबाईच्या दारातला वाटा

दिल्ली,
ता. १२ डिसेंबर १९५९

तीर्थरूप आयेस,

गुणाजीचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी बरा आहे. तूही बरी असशील असं धरून चालतो, कारण बरी नसलीस तरी तू कळवणार न्हायस. पत्र वाचणाऱ्या मकसूदभायना सलाम. पत्र भागोजीकाकांच्या ओटीवरच वाचलं जातं, तेव्हा काकांना आणि ओटीवर जमलेल्या सगळ्यांना रामराम. वेणूकाकी, जाळ्याची सुई थांबवू नका, नुसते कान इकडे असले तरी चालतील.

इथे थंडी अशी की सकाळी नळाला हात लावला तर बर्फातलं म्हावरं धरल्यासारखं होतं. कारखानीस साहेबांनी त्यांची जुनी रजई दिली. मी पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळून घेतो. बाईसाहेब म्हणतात, हा सुकवायला टाकलाय का खारवायला!

तू विचारलंस, दिवसभर काय काम करतोस. आधी गोदी, मग खाणावळ, मग छापखाना, कुठे बूड ठरलं न्हाय, इथे ठरलं कसं? आये, काम मजेचं आहे म्हणून. आपले साहेब दर तीन महिन्यांनी एक पुस्तक काढतात. देशोदेशीची माणसं कशी राहतात, कोणाची चाल कोणाशी जुळते, ते ताडून बघतात. समाजशास्त्र म्हणतात त्याला. पुस्तकाला दहा वर्षं झाली, म्हणून साहेबांना एक मोठा अंक काढायचाय. दहा वर्षांत कोणी काय लिहिलं, आणि ते पुढे कोणी कोणी उचललं, ते सगळं त्यात येणार.

मकसूदभाय, तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही वाडीतून सुका बोंबील नेता. तो बोर्लीच्या बाजारात जातो, तिथून माणगाव, तिथून घाटावर. कोणाच्या दारचा बोंबील किती लांब गेला ते कळलं, की कोणाचा माल चांगला ते कळतं. तसंच हे. बाहेरदेशची पुस्तकं येतात, त्यांच्या शेपटाला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आम्ही अमक्याचा आधार घेतला. मला इंग्रजी येत न्हाय, पण छापखान्यात अक्षरांचे खिळे वेगळे करायला होतो, त्यानं अक्षरं ओळखतो. आमच्या पुस्तकाचं नाव दिसलं की त्याचं कार्ड करायचं आणि ज्याच्या त्याच्या खोक्यात टाकायचं.

त्यात गंमती दिसतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत नुसती लग्नं आणि जाती. मग जो तो एकेक गाव घेऊन बसला. आता कारखाने, शहरं आणि आकड्यांचे तक्ते. साहेब म्हणतात, वारा फिरला. जुन्या लेखांना कोणी विचारत न्हाय, त्यांच्या खोक्यात धूळ. पण एक जुना लेख असा आहे की दर वर्षी आणखी लांब जातो. नॉर्वेवाले त्याचं नाव घेतात, जपानवाले घेतात, तिकडे समुद्राकाठच्या माणसांवर जो लिहील तो घेतो. त्याची कार्डं खोक्यात मावेनात म्हणून मी बिस्किटांचा डबा घेतला.

मी साहेबांना विचारलं, हा कशावरचा? साहेब हसले. म्हणाले, तुला ठाऊक न्हाय? हा तुझ्या वाडीवरचा, मीच लिहिलेला.

मग त्यांनी मला एक तुकडा मराठीत करून सांगितला. ज्या घरचा माणूस समुद्रात राहिला, त्या घरच्या दारात त्याच होडीचा तांडेल रोज सकाळी मासळीचा वाटा ठेवतो, लिलावाच्या आधी. घरचा पोर वल्ह्याला हात लावीपर्यंत. आणि खाली एका बाईचे शब्द आहेत, “माझ्या दारात रोज वाटा पडतो. मला कोणाकडं मागावं लागत न्हाय.” बाईचं नाव दिलेलं न्हाय. पण साहेब म्हणाले, ती तुझी आई.

मी उठलो. साहेबांना चहा पाहिजे होता तो आणला.

साहेबांना तो लेख मोठ्या अंकात पहिला छापायचाय, खाली लिहायचंय की ही चाल आजही चालू आहे. म्हणाले, तू तिथला, तुझ्याकडून खात्री करून घेतो. मी म्हटलं, आयेला विचारून सांगतो.

तर आये, विचारतो. काय सांगू?

तुझा,
गुणाजी


दिल्ली,
ता. २ फेब्रुवारी १९६०

तीर्थरूप आयेस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. “वाटा पडतो असं साहेबांना सांग, तब्येतीला जप, डोक्याला तेल लाव.” एवढंच. मकसूदभाय, तुमचं अक्षर मोठं आणि कार्ड लहान, तरी अर्धं कार्ड कोरं राहिलं.

इथे सगळं ठीक. बाईसाहेबांना जवळ्याची चटणी पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठव. वाडीतल्या सगळ्यांना रामराम.

मकसूदभाय, इथे थांबा. कागद घडी करून खिशात टाका, म्हणा की संपलं. उद्या आये सुकी मासळी घेऊन तुमच्या दुकानात येईल, तेव्हा खालचं तिला एकटीला वाचून दाखवा. तुमच्या जहुराभाभी असल्या तर चालतील.

आये, कोणता वाटा?

ओटीवर वेणूकाकी बसलेली होती म्हणून तू तसं लिहिलंस, ते मी समजतो. पण मी तुझ्या घरात होतो. बाबा भागोजीकाकांच्या होडीवरून समुद्रात गेले. बाराव्यापर्यंत काका वाटा ठेवत होते. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वाळूवर हाक मारली, “ये रे भिकूच्या पोरा, तुझ्या बापाचं वल्हं धर.” होडी पाण्यात पण नव्हती, कोरड्या वाळूत टेकू लावून उभी होती. वल्हं माझ्यापेक्षा उंच. मी धावत गेलो. मला वाटलं, काका मला मोठा समजतात. दोन्ही हातांनी धरलं, सगळे हसले, मी पण हसलो. काका मागं वळून म्हणाले, “बघितलंत ना समद्यांनी? पोरानं वल्ह्याला हात लावला.”

दुसऱ्या दिवसापासून दारात काही न्हाय. आपली मांजर नेहमीच्या वेळेला उंबऱ्यावर येऊन बसायची आणि वाट बघून जायची. तू मला कधी एका शब्दानं बोलली न्हायस. म्हणून तर मला तिथे राहवलं न्हाय. पुढच्या मोसमात मी मीठ नेणाऱ्या मचव्यात चढलो तो गेलोच. वाडी सोडली, समुद्र सोडला, आजतागायत मी वल्ह्याला हात लावला न्हाय.

साहेब वाडीत आले ते मी गेल्यावर. पुढे त्यांचा मुंबईचा पत्ता तूच मकसूदभायकडून मला पाठवलास, त्यांच्याबरोबर मी दिल्लीत आलो, त्यानं माझं भलं झालं, ते मी विसरत न्हाय. पण तू त्यांना खोटं का सांगितलंस? ज्यानं तुझा घास काढला, त्याला तू पुस्तकात देवमाणूस करून ठेवलंस. जपानातला माणूस भागोजी तांडेलाचा मोठेपणा वाचतो! आणि त्याची कार्डं मी करतो, माझ्या हातानं.

मला साहेबांना खरं सांगावंसं वाटतं. पण सांगितलं तर तुझा शब्द खोटा पडेल, इथेच नव्हे तर जिथे जिथे तो गेला तिथे सगळीकडे. साहेब परवाच म्हणाले, बाकी कोणाचं सोड, त्या बाईच्या एका वाक्यावर माझा लेख उभा आहे. न सांगावं तर ते मला गिळवत न्हाय.

तू सांगशील तसं करीन, पण खरं कारण कळव. ओटीवरचं उत्तर नको.

तुझा,
गुणाजी


दिल्ली,
ता. १० एप्रिल १९६०

मकसूदभाय,

सलाम. हे पत्र तुमच्या एकट्यासाठी. सोबत दुसरा कागद जोडलाय, तो आयेसाठी. तो कुठे वाचायचा ते शेवटी लिहितो.

तुम्ही आयेचं बोलणं जसंच्या तसं उतरवून काढलंत, त्याचे उपकार फिटायचे न्हायत. वाचताना मला तिचा आवाज ऐकू येत होता. मी ते साहेबांना पण वाचून दाखवलं. तुमच्याकडे नक्कल नसेल म्हणून इथे परत लिहितो, हा कागद जपून ठेवा.

“साहेब वाळूत बसला व्हता. समदी वाडी भवती उभी, भागोजी पुढं. साहेबानं इचारलं, नवरा गेला त्या घरी वाटा देतात का? आता मी काय बोलू? न्हाय म्हटलं असतं तर साहेब च्‌च्‌ करून निघून गेला असता, आणि भागोजीनं मला वाडीत राहू दिलं नसतं. मी भागोजीच्या डोळ्यांत बघितलं आणि मोठ्यानं बोलले, पडतो तर! रोज पडतो. हाच ठेवतो, माझा दीर. साहेब भागोजीला बोलला, फार चांगली चाल हाय तुमची. आणि लिवून घेतलं. भागोजीचं तोंड बघायला पायजे व्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दारात दोन हलवे, ताजं म्हावरं. तवापासून एक दिवस चुकला न्हाय. पुढं केसरचा नवरा गेला, तिच्या दारात बी पडतो. लिवलेलं हाय ना, आता कोण काढील? गुणाजी, मी खोटं न्हाय बोलले. आधी बोलले, एवढंच. तुला कळवणार कशी? माझी समदी पत्रं त्याच्याच ओटीवर.”

आणि खाली शेवटी, “तू आलास आणि वल्ह्याला हात लावलास की वाटा बंद व्हईल. होऊ दे. म्हावरं काय, बाजारात इकत मिळतं. तू ये.”

इतक्या वर्षांत ती ‘ये’ कधी म्हणाली नव्हती, मकसूदभाय. मी समजत होतो तिला मी नको आहे.

साहेबांनी ऐकलं, चष्मा काढून पुसला. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, “ती बोलली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती, हे मला आठवतं. मला वाटलं, लाजते.” आणि हसायला लागले ते थांबेनात. म्हणाले, लेख पहिलाच छापायचा. खाली मात्र खरी हकीकत द्यायची, लेखासारखंच वाडीचं नाव न घालता आणि नीराबाई हो म्हणाली तरच. “चाल कशी चालू राहते ते मी दहा वर्षं पुस्तकांत शोधतोय, आणि ते माझ्यासमोर घडलं आणि मला दिसलं न्हाय.” तेव्हा आयेला दुकानात विचारून कळवा, छापू द्यायचं का.

नंतर मी साहेबांना आणखी एक चाल सांगितली. ती सोबतच्या कागदात आहे. साहेबांनी विचारलं, “हे खरं आहे?” मी म्हटलं, मी पण आधीच बोलतोय. ते म्हणाले, “मग मी आत्ता लिहून घेतो. छापीन खरं झाल्यावर.” त्यांनी लिहून घेतलं, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणून कागदात ‘छापलं’ असं मी लिहिलेलं न्हाय.

आता तुमचं काम. सोबतचा कागद दुकानात वाचू नका. होड्या लागल्या, लिलावाला माणसं जमली, भागोजीकाका पुढं उभे राहिले, की वाळूवर वाचा. मोठ्यानं. ‘साहेबांनी लिहून घेतलं’ तिथे जरा दम घ्या.

तुमचा,
गुणाजी भिकू


दिल्ली,
ता. १० एप्रिल १९६०

तीर्थरूप आयेस, तीर्थरूप भागोजीकाकांस आणि वाडीतल्या सर्व लहानथोरांस,

गुणाजीचा नमस्कार.

कळवायला आनंद होतो की आपल्या वाडीचं नाव मोठं झालं. ज्या घरचा माणूस समुद्रात राहिला त्या घरी भागोजीकाका वाटा ठेवतात, हे साहेबांच्या लेखात आलं, आणि तो लेख सगळ्यांत लांब गेला. नॉर्वे म्हणून देश आहे, तिथेही कोळीच राहतात, बर्फात होड्या घालतात. त्यांच्यावर लिहिणारेसुद्धा आपल्या वाडीचा दाखला देतात. काका, तुमचा मोठेपणा तिकडच्या लोकांनी वाचलाय. वेणूकाकी, आता तरी काकांना गरम भाकरी वाढा.

साहेबांनी मला विचारलं, पोरानं वल्ह्याला हात लावला की वाटा बंद होतो ना? मी म्हटलं, तसं पूर्वी होतं. आमच्या भागोजीकाकांनी ते बदललं. आता पोर कामाला लागला तरी आईचा वाटा तिच्या जिवात जीव आहे तोवर बंद होत न्हाय. काका स्वतः ठेवतात. हे ऐकून साहेब खूश झाले.

साहेबांनी लिहून घेतलं.

म्हणाले, असा तांडेल दुसरीकडे ऐकला न्हाय. पुढच्या साली ते स्वतः वाडीत येणार आहेत, काकांना बघायला.

माझं इथलं काम आषाढापर्यंत आहे. मोठा अंक निघाला की मी निघणार. नारळी पुनवेला नारळ सोडायला मी वाडीत असेन. वाऱ्यावर राहणारा माणूस मी, एका जागी किती टिकेन ते सांगता येत न्हाय. पण होडी पाण्यात लोटताना काकांना हात कमी पडू देणार न्हाय. काका, बाबांचं वल्हं ठेवलं असेल तर तेल लावून ठेवा. या वेळी ते पाण्यात धरीन.

आये, सकाळी दार उघडं ठेवत जा. मांजरीला सांग, वाटा आला की आधी तुला उठवायचं.

तुझ्या दारात येणारा,
तुझा गुणाजी