जस्ताचा सरदार

आबा, आज सकाळी तुमच्या नातवाने मला एक प्रश्न विचारला आणि माझी पोळी तव्यावर करपली. तो आता कॉलेजात जातो. मित्रांबरोबर टेबलावर लढाया खेळतो. बोटाएवढे शिपाई, हाताने रंगवायचे, फुटपट्टीने अंतर मोजून पुढे सरकवायचे, फासे टाकायचे. घरात माझ्याशी मराठी, मित्रांशी गुजराती आणि भांडणात हिंदी, असा त्याचा कारभार. मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, "मम्मी, तू सांग, प्लास्टिकचे मागवू की मेटलचे?" तुम्ही त्याला पाहिलं नाही, त्याने तुम्हाला पाहिलं नाही, आणि प्रश्न बघा कुठून उगवला! मी म्हटलं, थांब, विचार करून सांगते. तो हसला. त्याला काय माहीत, या प्रश्नावर मी निम्मा जन्म विचार करत बसले आहे.

तापीकाठच्या कतारगामची आपली खोली आठवते का? तुम्हाला कशाला विचारते आहे, तुम्ही तर शेवटपर्यंत तिथेच राहिलात. सुट्टीच्या दुपारी तुम्ही खाट भिंतीला उभी करायचात, आणि मोकळ्या फरशीवर आपलं रणांगण. एक फरशी म्हणजे एक चाल. उशी म्हणजे डोंगर. मार्केटमधून आलेली निळ्या कापडाची चिंधी पसरली की झाली तापी. फासा लुडोतला. आणि प्रत्येक डावाआधी तुम्ही मिशीवरून बोट फिरवत विचारणार, "बोल व माय, प्लास्टिक का जस्त?" मी दरवेळी प्लास्टिक. बाजारातल्या पिशवीत हिरवे शिपाई ढिगाने मिळायचे आणि मला माणसं जास्त लागायची. तुमचं सैन्य मोजकं. माझेच शिपाई प्लास्टरमध्ये दाबून साचा करायचा, तुमच्या ओतकामाच्या कारखान्यातला उरलासुरला जस्ताचा रस त्यात ओतायचा, म्हणजे तुमचे लढवय्ये माझ्याच शिपायांची पोरं. मी चिडवायचे, "आबा, नकलाकार!" तुम्ही म्हणायचात, "नक्कल हातात धरून बघ, मंग बोल." आणि खरंच, माझे शिपाई पंख्याच्या वाऱ्याने आडवे व्हायचे, तुमचे ढिम्म हलत नसत. पंख्याने पडला तो मेला, हा नियम तुमचा. पंखाच बंद ठेवायचा, हा माझा. मग दोघं घामाघूम होऊन लढायचो आणि आई स्टोव्हपाशी बसून कपाळाला हात लावायची.

एकच घोडेस्वार तुम्ही कुणाची नक्कल न करता घडवला. आधी मेणाचा केला, मग ओतला. तलवार उगारलेली, फेटा बांधलेला. घोड्याच्या एका पायापर्यंत रस पोचला नाही, म्हणून तो आखूड राहिला. तुम्हाला घोडेस्वार म्हटलं की गावच्या देवघरातला घोड्यावरचा वीरच डोळ्यांसमोर यायचा, आणि हाही अगदी तसाच उतरला. हा तुमचा सरदार. सरदार ज्या फरशीवर, तिथल्या शिपायांना दुसऱ्यांदा फासा टाकायची मुभा. माझ्याकडे हिरवा सरदार होता, हातात दुर्बीण घेतलेला. दुर्बिणीच्या नळ्या बाटल्यांसारख्या दिसतात म्हणून तुम्ही त्याला दूधवाला म्हणायचात.

डबा द्यायला मी कारखान्यात यायचे. तुम्ही भट्टीसमोर, हातात लांब दांड्याची पळी, आणि वर पांढरा धूर. नुसतं दारात उभं राहिलं तरी तो माझ्या घशात बसायचा. तुम्ही दिवसभर त्यात. त्या वर्षी तुमचा खोकला सुरू झाला तो थांबेना. गूळ झाला, हळद झाली, शेवटी सरकारी दवाखाना झाला. डॉक्टरीणबाई आईसमोर स्पष्ट म्हणाल्या, भट्टी सोडा, नाहीतर छाती निकामी होईल. आणि देवाचीच करणी म्हणा, त्याच सुमारास शेठने शेजारच्या शेडमध्ये प्लास्टिकचं मशीन बसवलं. शेठ माणूस वाईट नव्हता. आता प्लास्टिकचा जमाना आला, असं माझ्यादेखत तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाई, हवे प्लास्टिकनो जमानो छे. मशीन तू संभाळ." तुम्ही घरी येऊन काय म्हणालात? "दाना टाका, बटन दाबा, झाकन काढा. हे काय काम शे? मुरमुरे भाजनं शे!" आई रडली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून निजलात आणि खोकत राहिलात.

मग मीच पैज लावली. जो जिंकेल त्याचं ऐकायचं. मी जिंकले तर तुम्ही भट्टी सोडून प्लास्टिकवर जायचं. तुम्ही हसलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "जाईन. तुझी आन." माझी शपथ घेतलीत आबा, देवाची नाही. एवढं लक्षात ठेवा.

त्याच आठवड्यात होळीसाठी आजी गावाहून आली. तिचा धाकटा मुलगा, म्हणजे माझे काका, लग्नाआधीच तापाने गेले होते. अकाली गेलेल्या माणसाचा धातूचा वीर करायचा, देवघरात बसवायचा, धुळवडीला वाजतगाजत पाण्यावर न्यायचा, ही आपली रीत. आजी किती वर्षं तुमच्या मागे लागलेली, भावाचा वीर कर, आणि तुम्ही पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. त्या दिवशी मी सरदार घासूनपुसून देवघराच्या फळीवर वाळत ठेवला होता. आजीने तो पाहिला. हळद-कुंकू लावलं, पदराने वारा घातला आणि मोठ्याने रडायला लागली. "करा रे भो, शेवटी करा तू मना धाकलाना वीर! मराना आंगोदर दखा मी!" तिला वाटलं, तुम्ही अखेर तो केलात आणि मरण्याआधी तिला बघायला मिळाला. तुम्ही दारात, एका पायात चप्पल. मी तोंड उघडलं तर तुम्ही डोळे वटारलेत. ती खेळण्यातली वस्तू आहे हे त्या म्हातारीला सांगायची आपल्यात कुणाची छाती होती? आई तर हातच जोडून उभी राहिली. धुळवडीला तुम्ही तोच सरदार लाल कापडात धरून तापीवर गेलात, डफाच्या पुढे. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही खरोखर रडत होतात.

पैजेचा डाव त्यानंतरच्या सुट्टीला. आजी देवघराखाली तांदूळ निवडत बसलेली. तुम्ही सैन्य मांडलंत, मी विचारलं, "सरदार?" तुम्ही एकदा फळीकडे पाहिलंत. "सरदार रजेवर शे," म्हणालात. बिनसरदाराचं सैन्य, प्रत्येकाला एकच फासा. तापीपर्यंत तुमचे निम्मे शिपाई आडवे झाले. उशीजवळ शेवटचा एक उरला, माझ्या दूधवाल्यासमोर. तुमचा फासा पडला एक. माझा पडला पाच. तुम्ही तो जस्ताचा शिपाई स्वतःच्या हाताने आडवा केलात आणि म्हणालात, "हारलो बुवा!" चाळभर सांगत फिरलात, पोरीने मला हरवलं. आईने त्या संध्याकाळी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हा मी तुमच्या सदऱ्याला नाक लावलं. धूर. तुम्ही म्हणालात, उद्यापासून. मग पुढच्या महिन्यापासून. मग नवा माणूस तयार झाला की. मी सदऱ्याला नाक लावणं सोडलं आणि तुमच्याशी लढणंही. लबाड होतात तुम्ही आबा! तोंडावर म्हणायचं राहिलं म्हणून आज म्हणते. माझी आन घेऊन मोडलीत. तुम्ही काकांचा वीर केलात, आजीचं मन राखलंत, भट्टीचंही राखलंत, आणि माझ्या वाट्याला काय, तर शिरा. दवाखान्यात शेवटी शेवटी नळी लावलेली असताना मी विचारलं, प्लास्टिकच्या मशीनवर का नाही गेलात? तुम्ही बराच वेळ श्वास गोळा केलात. "त्याच्यात मना हात कोठे लागतो व माय," एवढंच म्हणालात. पावसाळा संपायच्या आत तुम्ही गेलात.

तुमचा वेगळा वीर केला नाही. आजी म्हणाली, "आते दोन्ही भाऊ एकच घोडावर बसतीन." तो अजून माझ्या देवघरात आहे. आखूड पायामुळे उभा राहत नाही, भिंतीला टेकवावा लागतो. नातवाला वाटतं ते एखादं गावाकडचं दैवत. मी सांगितलं नाही.

संध्याकाळी तो परत आला आणि म्हणाला, "बोल, काय ठरलं?" मी म्हटलं, प्लास्टिक घे. हलकं असतं, चिकटवता येतं, धूर नाही. मग त्याने ऑर्डर टाकली, आणि मी आत येऊन हे लिहायला बसले. पाठवणार कुठे? देवघरात ठेवलं तर तो वाचेल, म्हणून फाडून टाकीन.

पण एक सांगते आणि थांबते. शेवटचा फासा माझ्या मुठीत होता ना, तेव्हा आई डोळे मिटून देवाचं नाव घेत होती, मी जिंकावं म्हणून. मीही मिटले होते. मी म्हणत होते, आबांना जिंकू दे.