फलाटाच्या टोकापर्यंत

४ जाने.
मनी आली. बरोबर सातआठ माणसं, कॅमेरा, वायरींची भेंडोळी. इतकी वर्षं मुंबईत दुसऱ्यांच्या मालिकांत राबली, आता स्वतःचा सिनेमा. लिहिलाय तिनेच. घर आमचं हेच, पेणचं. गोष्ट तिच्या आईची, माझ्या इंदूची. निर्माता मधेच सोडून गेला, मित्रांच्या जोरावर चाललंय म्हणे. माणसं जास्त, बाथरूम एक. पोरीचं कसं निभणार. झोप नाही.

५ जाने.
इंदूचं काम करणारी बाई ठाण्याची. इंदूचं हिरवं लुगडं नेसून ओट्यापाशी उभी राहिली आणि माझ्या हातातला चहा सांडला. शेजारची जनावहिनी खिडकीतून ओरडली, "भावोजी, बाय परत आनलीव काय? आता तरी नीट सांबाला!" सगळे हसले. मीही.
बाई करंदी सोलत होती, बारकी कोलंबी. टरफलं परातीत. इंदू कागदावर टाकायची. दोनदा बोललो मधे.
"बाबा, ही आय नाय. माझ्या सिनेमातली बाई हाय. जरा बाहेर बसा."
बसलो.

७ जाने.
म.ने कागद वाचायला दिले. दर पानावर 'आतील, दिवस'. सातवी शिकलेल्याला काय कळणार. शेवट तोंडीच विचारला. बाई एक दिवस पिशवी घेऊन निघते, रोह्याला जाऊन गाडीत बसते. संपलं.
 इंदू कधी गेली अशी? ती तर याच खोलीत, आजारात... लोक म्हणतील नवऱ्याने छळली.
म. म्हणाली, "मरताना बघितलंय मी तिला. परत कशी मारू?"
निर्मात्यालाही हा शेवट नको होता. बाईला घरी परत आणा म्हणाला. ही ऐकेना, तो गेला. हट्ट आईचाच.
ताटं तशीच राहिली.

९ जाने.
रोहा. परवानगी एकाच गाडीपुरती, बाईची उद्यापासून मालिका. घरी राहवेना म्हणून मीही गेलो. म.ने बजावलं, खांबामागच्या बाकावर बसायचं, हलायचं नाय.
गाडी सुटली. खिडकीत हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी. ठरल्याप्रमाणे तिने एकदा वळून पाहिलं.
मी कधी उठलो कळलं नाही. खिडकीचा गज धरून चालत होतो, फलाट संपेपर्यंत.
मागे वळलो तर म. खाली बसलेली.
आम्ही जीपने परत निघालो, नागोठणं आलं. मग ती म्हणाली, "एकच शॉट होता, बाबा." एवढंच.

१० जाने.
सगळे गेले. बाईने काल पेणला उतरून, लुगडं धुऊन घडी करून ठेवलंय. चांगल्या मनाने केलं. आता साबणाचा वास येतो.

२ मार्च
म.चा फोन नाही. मी लावतो, उचलत नाही. जनावहिनी विचारते, "पिच्चर कवा लागनार?" लवकरच म्हणतो. माझ्यामुळे लागलाच नाही तर...

१९ मार्च
म.चा फोन आला. शॉट जोडणारा मुलगा म्हणतो, म्हाताऱ्याचा तुकडा ठेव. म.चं मन घेत नाही. बाईच्या गोष्टीत शेवटी तुम्हीच दिसता, म्हणाली. खरं आहे. मग तिने विचारलं,
"तुमचे ओठ हलतायत. आवाज गाडीत गेला. काय बोलत होतात?"
"काय नाय. असंच."
"बाबा."
"आठवत नाय गो."
"आठवून ठेवा. रविवारी माइक घेऊन येते."
आठवतंय. पोचलीस की फोन कर, असं म्हणत होतो.

२२ मार्च, रवि.
सकाळपासून म्हणून बघतोय. इंदूला म्हणायला जातो आणि मनीला म्हटल्यासारखं होतं. ती मुंबईला निघाली की दर वेळी हेच म्हणतो ना.
आवाज नको म्हणून पंखा बंद केलाय. म. स्टँडवर उतरली, रिक्षाने येतेय. तुकडा ठेवणार की काढणार, तिचं तिलाच ठाऊक नाही. मला एवढंच कळत नाही की बोलताना बघायचं कुठे.