बाकावरची मोकळी जागा

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पुतळे करणाऱ्यांना पेन्शन असते का, असं तू विचारलंयस. नसते. पण आता माझ्याकडे बातमी आहे, तेव्हा चष्मा पूस आणि नीट वाच. इथल्या बसस्टँडसमोरच्या चौकात उभं करायचं शिल्प सुशोभन समितीनं मला दिलं आहे. इतकी वर्षं लोकांच्या वाढदिवसांना पोरांकडून मातीचे हत्ती करून घेतले, हॉटेलांच्या दारात तोंडातून पाणी सोडणारे मासे बसवले. आता पहिल्यांदाच माझं काम भर चौकात उभं राहणार, आणि तेही माझ्या मनासारखं. बाकावर बसून वाट बघणारी एक बाई. बाकाच्या एका टोकाला ती आणि शेजारची जागा मोकळी. बस्स, एवढंच.

समितीची एकच अट आहे. शिल्पात लोकसहभाग हवा. म्हणजे नक्की काय, हे अध्यक्षांनाही सांगता येईना, पण कागदावर आहे म्हणून हवाच. शेवटी असं ठरलं की बाईच्या मांडीवरची बॅग माझ्या रविवारच्या वर्गानं करायची. वर्गात एक निवृत्त कंपाउंडर आहेत, दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत आणि घरी करमत नाही म्हणून येणारी आणखी काही मंडळी. बॅगेत बिघडून बिघडून बिघडणार काय?

मी नेहमीप्रमाणे पाठीपासून सुरुवात केली आहे. वर्गालाही तेच शिकवतो. आधी पाठ, मग चेहरा. चेहऱ्याला खोटं बोलता येतं, पाठीला ते जमत नाही. कंपाउंडरांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि मग विचारलं की पासपोर्टच्या फोटोला हे का चालत नाही.

उद्घाटन मेच्या शेवटी आहे आणि तू यायचं आहेस. माझ्या एकाही प्रदर्शनाला तू आलेली नाहीस. या वेळी गुडघ्यांचं कारण ऐकून घेतलं जाणार नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा
धाकटा

*

१५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

काम मिळाल्याचं वाचून फार बरं वाटलं. तुझ्या भाऊजींनी पत्र दुकानातच मोठ्यानं वाचलं. माप द्यायला आलेल्या बाईंनी ते सगळं ऐकलं आणि विचारलं की पुतळा बसलेला कशाला, उभा केला असता तर जागा कमी लागली असती. मी तोंडातल्या टाचण्यांची सबब सांगून गप्प बसले. माझ्याही मनात तेच आलं होतं.

वाट बघण्याबद्दल मात्र तू मला विचारायला हवं होतंस. या विषयात घरात माझा हात धरणारं कुणी नाही. शनिवारी तुझ्या चित्रकलेच्या वर्गाबाहेरच्या बाकावर मी किती ताटकळले असेन! शिंप्याकडच्या कामावरून सुटले की धावतपळत यायचे. सगळी मुलं घरी जायची, शिपाई दारं लावायला लागायचा, तरी आमचे साहेब आतच. मग कोपरापर्यंत माती माखून बाहेर यायचास, शेजारी बसायचास आणि मलाच सांगायचास की थांब, हात वाळू दे. आईनं तुला आणायला पाठवलेली मी, आणि उशीर केला म्हणून बोलणी खायची ती पण मीच.

लोकसहभागापासून जपून राहा. मी एकदा एका लग्नाच्या पोशाखात दोन्हीकडच्या बायकांना सहभाग दिला होता. शेवटी बाह्या तेवढ्या माझ्या राहिल्या.

येण्याचं बघू. गुडघे खरंच दुखतात, आणि मी आल्यावर दुकानाकडे कोण बघणार? तुझ्या भाऊजींना सुईत दोरा ओवता येत नाही.

वेळेवर जेवत जा. माया आहे ती आहेच, लिहून वाढत नाही.

तुझी
ताई

*

९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो असं म्हणवत नाही, कारण तू म्हणालीस तसंच झालं. डॉक्टरीणबाईंनी बॅगेची चेन करायला घेतली. दवाखान्यातली हत्यारं आणली आणि चेनचा एकेक दात असा घडवला की बघत राहावं. कंपाउंडरांनी बॅगेच्या बंदाला शिवण घातली, कोपरा झिजवला, बाजूच्या खिशातून रुमालाचं टोक बाहेर काढलं. आता जो येतो तो बॅगेपुढे उभा राहतो. मी महिनाभर पाठीवर डोकं फोडतोय आणि लोक विचारतात की बॅग कुणी केली. परवा एकानं तर अशी बॅग कुठे मिळेल म्हणून विचारलं.

पण हे हसण्यावारी नेता येईल. खरी पंचाईत पुढेच आहे. समिती काम बघायला आली होती. अध्यक्षांनी शिल्पाला फेरी मारली, बॅगेचं कौतुक केलं आणि मग मोकळ्या जागेकडे बोट दाखवून विचारलं की इथला माणूस कधी करणार. मी म्हटलं, माणूस नाही, ती जागा मोकळीच आहे. ते म्हणाले की शहरानं पूर्ण बाकाचा खर्च मंजूर केलाय, अर्ध्या बाकाचा नव्हे. चिटणीसबाईंनी सुचवलं की समितीच्या संस्थापकांना तिथे बसवावं, हातात छत्री देऊन. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी अवकाश, रिक्तता, पाहणाऱ्याचा सहभाग यावर चांगलं तासभर बोललो. खजिनदार मध्येच झोपले, आणि उठल्यावर त्यांनीही छत्रीला पाठिंबा दिला.

पुढच्या बैठकीत निर्णय आहे. तोवर काम धातूत ओतायला ओतारखान्यात पाठवायचं नाही, असा हुकूम आहे. ताई, त्या जागेवर छत्रीवाले संस्थापक बसले तर मी हे काम सोडून देईन. खरंच सोडीन. मग पुन्हा मातीचे हत्ती. ती जागा गेली की त्या बाईत काही उरतच नाही, आणि हे मला कुणाला समजावता येत नाही.

वर्तमानपत्रात आलेला फोटो सोबत जोडला आहे. अर्थात, बॅगेचा आहे. बाई मागे थोडी दिसते.

लोभ ठेव, सध्या त्याची गरज आहे.

तुझा
धाकटा

*

१८ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. या वेळी एकच.

फोटो बघितला. बॅग छान आहे. बॅगेखाली एक पाय आहे. डावी चप्पल काढून, तिच्यावर पाऊल टेकवून ठेवलंय. चपलेचा पट्टा अंगठ्याजवळ तुटलेला आणि दोऱ्यानं शिवलेला. तो दोरा मी ओवला होता, तेव्हा मला ओळख पटवून द्यायला नको. सख्ख्या बहिणीला बसस्टँडवर बसवताना तिला विचारावंसं तुला वाटलं नाही? आणि बसवायचीच होती तर निदान चांगली चप्पल घालायचीस. शिवाय मी कमरेत एवढी कधीच नव्हते. भाऊजी म्हणाले की होतीस, म्हणून त्यांच्याशीही आज अबोला आहे.

असो. आता कामाचं ऐक. तुझी ती रिक्तता तू कपाटात ठेव. गिऱ्हाइकाला कपडा पटत नसला तर मी त्याच्याशी वाद घालत नाही. त्याला तो अंगावर चढवायला लावते आणि आरशासमोर उभं करते. तू समितीला बोलाव, चांगला फोटोग्राफर आण आणि एकेकाला त्या मोकळ्या जागेवर बसवून फोटो काढ. आधी अध्यक्ष. मग एक शब्द बोलू नकोस. तासभर बोलून जे झालं नाही ते बसून होईल.

काम सोडायच्या गोष्टी मला लिहायच्या नाहीत. रुसणं तुला लहानपणीही शोभत नव्हतं.

आणि मी तिथे कुणाची वाट बघतेय, हे तेवढं कळव. लोक विचारतील तर मला सांगता यायला हवं.

राग गेला की लोभ पुन्हा सुरू होईल.

तुझी
ताई

*

२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आणि कमरेबद्दल क्षमा.

तुझी मात्रा लागू पडली. अध्यक्ष बसले, केस सारखे केले, पोट आत घेतलं. मग चिटणीसबाई बसल्या, त्यांनी दोनदा फोटो काढून घेतला, कारण पहिल्यात बॅग नीट आली नव्हती. खजिनदार बसले आणि पुन्हा डुलकी लागेपर्यंत उठले नाहीत. पुढच्या बैठकीत मी तोंड उघडलं नाही. संस्थापक एकदा तिथे बसले की दुसऱ्या कुणाला बसता येणार नाही, हे अध्यक्षांनी स्वतःच सगळ्यांना समजावून सांगितलं. ठराव एकमतानं झाला. मोकळ्या जागेची कल्पना आता अध्यक्षांची आहे आणि माझी तिला संमती आहे. काम ओतारखान्यात गेलंसुद्धा.

एक सांगायचं राहिलं. फोटोच्या वेळी अध्यक्षांनी ऐटीत बाईच्या खांद्यावर हात टाकला. बाक लाकडी असला तरी बाईची माती ओली आहे हे मी सांगेपर्यंत पाची बोटं उमटली होती. हसू लपवायला वर्गानं मान खाली घातली, कंपाउंडर तर बाहेरच निघून गेले. बोटं बुजवताना खांदा जरासा खाली आला, आणि काय सांगू, दिवसभर मशीनवर बसून आलेल्या माणसाचा खांदा अगदी तसाच असतो. महिनाभर मला जो सापडत नव्हता तो अध्यक्षांनी नकळत दिला. हे त्यांना कळवू नये असं वर्गानं एकमतानं ठरवलं आहे.

तू कुणाची वाट बघतेस, हे विचारलंयस. ते पाहणाऱ्यानं ठरवायचं असतं. कलाकृती खुली असते, वगैरे.

३० मेला सकाळी उद्घाटन आहे. तू ये. मी स्टँडवर घ्यायला येईन, आणि वेळेवर येईन. तू नसलीस तर त्या सगळ्या टाळ्या कोरड्याच वाटतील, हे आता स्पष्टच लिहितो.

लोभाची थकबाकी मिटवावी.

तुझा
धाकटा

*

१९ मे

चि. कलावंतास,
आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता लिहितोय, तेव्हा उत्तर देऊ नकोस. ती येणार आहे. तुला मात्र जमणार नाही असंच कळवणार आहे. ते खरं मानू नकोस. वर्तमानपत्रातला तो फोटो शिलाई मशीनच्या वर, भिंतीवर टाचलेला आहे. कुणी विचारलं तर ती सांगते की बॅगेचं डिझाइन आवडलं म्हणून ठेवलाय. गुडघ्यांना रोज तेल लावणं चालू आहे. गर्दीत सगळे आपल्याकडे बघतील अशी तिला भीती वाटते, म्हणून सकाळची बस टाळून दुपारी पोचणाऱ्या बसनं येणार आहे.

ती थांबायला कधी कुरकुर करत नाही, म्हणून सगळे तिला थांबवतात. मीही त्यातलाच. तू त्या दिवशी तेवढा वेळेवर जा.

मला आता सुईत दोरा ओवता येतो. कळावे.

तुझे
भाऊजी

*

४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तिथे तू इतक्या वेळा माफी मागत होतास की मला बोलायला फुरसतच मिळाली नाही, म्हणून आता लिहिते.

दुपारी बसमधून उतरले तेव्हा तू नव्हतास. तू अध्यक्षांच्या जेवणात आणि त्यानंतरच्या भाषणांत अडकलास, हे नंतर कळलं. तेव्हा मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. उन्हात बसायला जागा शोधली, तर चौकात एकच रिकामी होती. तिच्या शेजारची. मी बसले, बॅग मांडीवर घेतली आणि सवयीनं डावी चप्पल काढली. ओळखेल कुणीतरी अशी धाकधूक होती. कसलं काय! एक कुटुंब आलं आणि त्यांनी मला सांगितलं की आजी, जरा बाजूला सरका, आम्हाला फोटो काढायचाय. मी सरकले. त्यांच्यानंतर दुसरे आले. एका गृहस्थांनी माझी बॅग बघितली, तिची बॅग बघितली आणि तिचीच चांगली आहे असं बायकोला सांगितलं. तुझ्या पुतळ्यासमोर मी तीनदा उठले रे, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही.

मग एक बाई ब्रश घेऊन चेनचे दात घासायला आल्या. ह्याच डॉक्टरीणबाई हे मी ओळखलं. त्यांनी माझा चेहरा पाहिला, तरी काही ओळखलं नाही. पण ब्रश धुवायला मागच्या नळाकडे गेल्या, तिथून वळल्या आणि जागीच थांबल्या. आम्हा दोघींच्या पाठी शेजारी शेजारी. तू त्यांना चांगलं शिकवलं आहेस. त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि ब्रश तिथेच टाकून तुला शोधायला पळाल्या.

तू धापा टाकत आलास तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते. खांदा खरंच माझा आहे. तो अध्यक्षांमुळे आला असला तरी हरकत नाही, त्यांचे आभार मान. मला रडू आलं ते उन्हामुळे नव्हतं, तेव्हा तसं पुन्हा कुणाला सांगू नकोस.

आणि ते कुणाची वाट बघणं पाहणाऱ्यानं ठरवायचं असतं म्हणे! मी पाहिलं आणि ठरवलं. त्या जागेसाठी तू समितीशी भांडलास, काम सोडायला निघालास, रिक्तता का काय त्यावर तासभर बोललास, पण ती जागा तुझीच आहे हे चार शब्द तुला मलाही लिहिता आले नाहीत. आणि आलास तेव्हा नेमकी मी तिथे बसले होते, म्हणून बिचारा उभाच राहिलास.

आता जागा मोकळी आहे. रविवारी वर्ग सुटला, मंडळी घरी गेली की येता-जाता तिथे बसत जा. तिला घाई नाही, आई रागावायलाही नाही. हात वाळेपर्यंत तरी बस.

तुझी
ताई