फडकं काढण्याआधी

विजू,

पिंजऱ्यावरचं फडकं काढण्याआधी हे वाच. मी सेकंड शिफ्टला निघालोय.

मिठू गेल्यावर "आता या घरात पक्षी नको" असं तू बजावलं होतंस, विसरलो नाही. पण घर सुनं सुनं वाटतं. हिरवा पोपट पाळायला बंदी आहे, म्हणून मोशीच्या पक्ष्यांच्या दुकानातून हा पिवळ्या तुऱ्याचा कॉकाटील पोपट आणलाय. दुकानात बाकीचे सगळे बोंबलत होते, हा एकटा मान वाकडी करून ऐकत बसला होता. ऐकतो तोच शिकतो, असं दुकानदार म्हणाला. म्हटलं, आपल्या घरात एक तरी ऐकणारा असू दे.

वाटीत राळं आहे, पाणी तेवढं बदल. आणि त्याच्यासमोर जपून बोल. मिठू आठवतोय ना? तुझ्या आवाजात मला "उठा, बस चुकली!" आणि माझ्या आवाजात तुला "भाजीत मीठ कुठंय?" आपल्या शिफ्टा उलटसुलट, समोरासमोर भांडायला गुरुवारची सुट्टीच लागायची. मधले सहा दिवस तो एकटा किल्ला लढवायचा.

गेल्या गुरुवारच्या भांडणाचं म्हणशील, तर आज सकाळपासून याला एकच वाक्य शिकवतोय, "विजू, माझं चुकलं." अजून यानं चोच उघडलेली नाही. येत्या गुरुवारपर्यंत त्याला जमलं नाही, तर मलाच म्हणावं लागेल.

नवनाथ