ऐंशी टक्के

२ डिसेंबर
नोकरी लागली. विजेवर चालणारी पिकअप मिळाली आहे. इतकी गुपचूप धावते की आमची ही म्हणाली, तुमच्यापेक्षा बरी. काम सोपं आहे, पठाराच्या टोकावरच्या दवाखान्यात औषधं पोचवायची. एकच अडचण, तेवढ्या अंतराला बॅटरी पुरत नाही. म्हणून मालकीणबाईंनी निम्म्या वाटेवर, उजाड माळावर, पक्क्या भिंतींची शेड बांधली आहे. गाडीच्या हौद्यात जनरेटर ठेवलेला असतो. शेडमध्ये शिरायचं, त्याची केबल गाडीला जोडायची आणि तीन तास तंगड्या पसरून बसायचं. धूर बाहेर जायला मिस्त्रीने नळी केली आहे, ती भिंतीतल्या भोकाला लावायची. या कामासाठी पगार मिळतो हे सांगायलाही लाज वाटते.

४ डिसेंबर
पहिली फेरी झाली. केबल जोडली की शटर आपोआप खाली येतं. बॅटरी ऐंशी टक्के भरेपर्यंत शटर उघडत नाही आणि केबलही सुटत नाही. आधीचे ड्रायव्हर घाई करून पन्नासवरच निघायचे आणि माळावर अडकायचे, म्हणून ही सोय, असं बाई म्हणाल्या. हा आकडा त्या ऑफिसातून उपग्रहावरून ठरवतात, त्यांचे निरोपही तसेच गाडीच्या पडद्यावर येतात, आपल्याला मात्र उत्तर धाडता येत नाही. बाई गोड बोलतात, मला दादा म्हणतात. ते ड्रायव्हर आता कुठे आहेत, विचारलं. टिकत नाहीत हो माणसं, म्हणाल्या.

९ डिसेंबर
माळावर धूर दिसतो अशी दवाखान्याने तक्रार केली. बाईंनी हे काम बिनधुराची गाडी म्हणून मिळवलं आहे. त्यांनी नळी काढून भोक बुजवायला सांगितलं. मिस्त्री म्हणाला, आत माणूस मरेल. बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मग माझ्याकडे वळून विचारलं, दादा, तुम्हाला गवंडीकाम येतं ना? मी मूठभर मांस चढल्यासारखा फुगलो. वीतभर जाड सिमेंट भरून वरून असा गिलावा केला की भोक कुठे होतं ते मलाही शोधावं लागेल. एवढ्याशा यंत्राच्या धुराने एवढी मोठी शेड थोडीच भरणार आहे.

१२ डिसेंबर
डोकं ठणकतंय. परतताना दोनदा उलटी झाली. माळावरचा गार वारा बाधला असणार, म्हणून शटरखालच्या फटीत पोती कोंबली. बाई म्हणाल्या, उपाशी निघत जाऊ नका.

१३ डिसेंबर
आज शेडमध्ये काही वेळ आपण कोण तेच आठवेना. घरी हिला सांगितलं. ही घाबरली. पुढच्या फेरीला मी बरोबर येते, म्हणाली. मला बरंच वाटलं.

१५ डिसेंबर, शेडमध्ये
दुपारचे बारा. बॅटरी ४१. ही शेजारी बसून मोजे विणते आहे. डोकं दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, वारा.

बॅटरी ५५. हिला झोप लागली. मला मिस्त्रीचं बोलणं आठवलं. पोती ओढून काढली. फट बोटभरसुद्धा नाही. वारा आत येतच नाही, मग बाधला कसा?

५८. जनरेटर बंद केला. आतला धूर जायला वाट नाही. शटर वर होईना. केबल सुटेना. केबल असेपर्यंत गाडीही हलत नाही. फोनला रेंज नाही.

गिलावा खरवडतोय. पाना घसरतो. माझंच काम. पक्कं केलंय.

तसंच ५८. बंद ठेवला तर शटर कधीच उघडणार नाही. पुन्हा चालू केला. तिच्या तोंडावर ओलं फडकं ठेवलंय. तेवढ्याने काही होत नसावं —

७१. हाका मारतोय. ऊं म्हणाली.

७६. पाय उचलत नाहीत. बसून लिहितो. तिला मीच आणलं. मीच —

७९. श्वास आहे. आहे.

८०. शटर थरथरलं. थांबलं. गाडीच्या पडद्यावर बाईंचा निरोप — दादा, थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून आजपासून नव्वद केलंय. काळजी घ्या.

८१. आता ऊं पण नाही. जनरेटर बंद केला तर दार — चालू ठेवला तर ही —

८२. हिचा