मिटलेली कळी

उयकेवे, ३ ऑगस्ट १९८३

गावी कायमचा राहायला येतोस, हे आधी शेजारच्या व्हेरोनाला कळवलंस? आई काय मेली होती? दुधाच्या रांगेत तिने मला सांगितलं आणि मी, माहीत आहे की, म्हणून नाक वर करून उभी. असो. चि. फाबियान, आईचा आशीर्वाद.

वेशीवर गावाच्या शंभरीची कमान चढतेय. ओकचे खांब, वर कबुतरांचं खुराडं. खांबांवर प्रत्येक घराचं नाव आणि त्यावर कोरलेलं ट्युलिप. घर नांदतं असेल तर उमललेलं, बंद पडलं असेल तर मिटलेली कळी. समारंभाला यायची घाई नको. फार गर्दी असेल. थंडीत या.

तुझी आई रेगिना

व्हिएन्ना, १४ ऑगस्ट

ती. आईस शि. सा. न.

रागावू नकोस. सर्ब सून उंबऱ्यात नको म्हणालीस, तेव्हापासून स्टोयान्का तुझ्या नावाने बिचकते. पण आता ती आपली हंगेरियन बोली शिकलीय. मला शिव्याही त्याच बोलीत घालते. आम्ही समारंभालाच येऊ. आपल्या घराचं फूल किती उंचावर आहे, असं ती विचारते. छोट्या नेनादला उचलून दाखवायचंय.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

फाबियान

उयकेवे, २२ ऑगस्ट

चि. फाबियान, आशीर्वाद.

फूल नाही. कळी आहे. कोरणाऱ्या लोरिंत्सने तुझ्या बंद घराच्या दारासमोर उभं राहून विचारलं, रेगिनाकाकू, इथे काय कोरू? मी म्हटलं, कळी. आपल्यातलं कुणी नांदत नाही तिथे. तुझं पोर तेव्हा डोळ्यांपुढे होतं माझ्या. तरी म्हटलं. व्हेरोनाने तोंड फिरवलं.

काल लोरिंत्सकडे गेले. तो म्हणाला, लाकूड आहे काकू, पाटी नव्हे थुंकी लावून पुसायला. कळी तासून फूल निघेल, पण बाकीच्यांपेक्षा खोल बसेल. लोक विचारतील. विचारू देत, सांगेन, म्हातारीची जीभ घसरली नव्हती, मन कुजकं होतं. पण जिला मी माणसांत धरलं नाही, तिच्या घराचं फूल आता मीच परस्पर कोरायला सांगू? ती त्या घरात नांदेल की नाही, हे तिने सांगायचं. लोरिंत्स तोवर थांबलाय. घर झाडून ठेवलंय.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. तू उत्तर लिहू नकोस, तू सारवासारव करशील. स्टोयान्काने लिहावं, तिच्या हाताने.

रेगिना