तीन मजली डबा

धाकटे,
तुला आशीर्वाद. माझी तब्येत ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसती कुरकुरतेस?

तुझ्या भाच्याने मला मोड आणायचा तीन मजली डबा आणून दिला. "आई, आता हे खातं तुझं," म्हणाला. आपण जन्मभर ओल्या फडक्यात मूग बांधले, पण असो. मी रोज दोनदा नेमाने पाणी घालत होते. मग एकदा सूनबाई त्याला म्हणत होती ते कानावर आलं, "खातंय कोण? त्यांचा वेळ जातो ना, झालं तर!"

गेले आठ दिवस मी तो डबा रिकामाच झाकून ठेवते आहे. काल ऑफिसला निघताना मुलगा झाकण न उघडताच म्हणाला, "वा आई, या वेळी मोड मस्त आलेत!" मी म्हटलं, "हो, चांगले लांब आलेत."

माझ्यावाचून इथे अडतं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खोडून टाक. तुझ्याकडच्या माझ्या खोलीत कुणाला ठेवू का, असं तू विचारलं होतंस. ठेवू नकोस. गादीला ऊन दाखव.

तुझी,
ताई